लघुलहरींची पहिली ओळख

३ ते ३० मेगाहर्ट्झ या टप्प्यातील रेडिओलहरींना लघुलहरी किंवा शॉर्टवेव्ह म्हणतात. त्यांची लांबी १०० मीटरपासून १० मीटरपर्यंत असते. भारतातील मध्यमलहरींची केंद्रे ५३१ ते १६०२ किलोहर्ट्झच्या दरम्यान आणि एफएमची केंद्रे ८८ ते १०८ मेगाहर्ट्झच्या दरम्यान असतात. लघुलहरींची जागा या दोहोंच्या मधली आहे. एफएमचे केंद्र शहर मागे पडले की विरू लागते, मध्यमलहरींचे केंद्र दिवसा काही जिल्ह्यांपुरते पोचते. लघुलहरींवर मात्र हातात मावणाऱ्या संचावर तीन-चार हजार किलोमीटरवरचे केंद्र थेट ऐकू येते. त्यासाठी इंटरनेट लागत नाही, वर्गणी लागत नाही आणि मध्ये कोणतीही यंत्रणा नसते. एका टोकाला प्रक्षेपक, दुसऱ्या टोकाला श्रोता आणि मध्ये फक्त आकाश असते.

तरीही नव्या श्रोत्याची सुरुवात बहुधा निराशेने होते. संच घरी आणून भर दुपारी खोलीत बटण फिरवले, की खरखरीखेरीज फारसे काही हाती लागत नाही, आणि दोष संचाचा आहे असे वाटू लागते. प्रत्यक्षात लघुलहरींवर काय ऐकू येईल हे संचाच्या किमतीपेक्षा वेळ, पट्टा आणि जागा यांवर अधिक ठरते. या तीन गोष्टींचा मेळ बसला, की साधा संचही आश्चर्यकारक काम करतो.

लहर इतक्या दूर कशी पोचते

इटालियन संशोधक गुल्येल्मो मार्कोनी याने डिसेंबर १९०१ मध्ये अटलांटिक महासागरापलीकडून आलेला संदेश न्यूफाउंडलंडमधील सेंट जॉन्स येथे टिपला. रेडिओलहरी सरळ रेषेत जातात, मग पृथ्वीच्या वक्र पाठीवरून त्या इतक्या दूर कशा आल्या, हा प्रश्न तेव्हा उभा राहिला. १९०२ मध्ये आर्थर केनेली आणि ऑलिव्हर हेव्हिसाइड यांनी स्वतंत्रपणे असे सुचवले, की वातावरणात उंचावर विद्युतवाहक थर असावा आणि तो लहरी परतवत असावा. १९२४ मध्ये एडवर्ड ॲपल्टन यांनी प्रयोगाने त्याचे अस्तित्व सिद्ध केले. या कामासाठी त्यांना १९४७ चे नोबेल पारितोषिक मिळाले. भारतात कलकत्ता विद्यापीठाचे शिशिरकुमार मित्र यांनी याच विषयावर मूलभूत संशोधन केले आणि १९४७ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा ‘द अपर ॲटमॉस्फिअर’ हा ग्रंथ जगभर प्रमाण मानला गेला.

या थराला आयनांबर म्हणतात. सूर्याच्या अतिनील आणि क्ष-किरणांमुळे तेथील वायूंच्या अणू-रेणूंतून इलेक्ट्रॉन सुटे होतात. साधारण ६० ते ९० किलोमीटर उंचीवर डी थर, त्याच्या वर ई थर आणि सुमारे १५० किलोमीटरच्या वर एफ थर असतो. लघुलहरींना दूर नेण्याचे मुख्य काम एफ थराचे. तो लहर वाकवून जमिनीकडे परत पाठवतो आणि एका उडीत ती चार हजार किलोमीटरपर्यंत जाऊ शकते. जमिनीवर किंवा समुद्रावर आदळून ती पुन्हा वर जाते आणि पुन्हा परतते. तळ्याच्या पाण्यावर भिरकावलेला चपटा दगड टप्पे घेत पलीकडच्या काठाला जातो, तशीच ही लहर टप्प्याटप्प्याने खंड ओलांडते.

उडीमुळे एक चमत्कारिक परिस्थिती निर्माण होते. प्रक्षेपकाजवळ त्याची जमिनीलगतची लहर ऐकू येते, खूप दूर आकाशातून परतलेली लहर ऐकू येते, पण मधल्या पट्ट्यात दोन्ही पोचत नाहीत. या मूक प्रदेशामुळे दीड हजार किलोमीटरवरचे केंद्र स्वच्छ लागते, तर दोनशे किलोमीटरवरचे लागत नाही, असे वरच्या वारंवारतांवर नेहमी घडते.

संचाची ओळख

प्रत्येक लघुलहरी संचाला ओढून लांब करता येणारी धातूची दांडी असते. लघुलहरी आणि एफएमसाठी हीच अँटेना कामाला येते, तर मध्यमलहरींसाठी संचाच्या पोटात फेराइटची कांडी बसवलेली असते. म्हणून मध्यमलहरी ऐकताना संच फिरवून आवाज सुधारतो आणि लघुलहरी ऐकताना दांडी पूर्ण ओढावी लागते.

काट्याच्या जुन्या संचांवर मीटर बँड, म्हणजे लहरीच्या लांबीवरून ओळखले जाणारे पट्टे, छापलेले असत आणि संपूर्ण पट्टा दोन-तीन इंचांत मावलेला असे. केसभर हात हलला की स्टेशन निसटे. आजच्या अंकदर्शक संचांवर वारंवारता थेट आकड्यांत लावता येते. आकड्यांच्या कळा असतील, तर ९६९० दाबताच संच नेमका त्या किलोहर्ट्झवर जातो. लघुलहरींवर केंद्रे साधारणपणे ५-५ किलोहर्ट्झच्या अंतराने वसलेली असतात, त्यामुळे शोधताना पाचच्या पायरीने पुढे जावे आणि स्टेशन सापडल्यावर एकेका किलोहर्ट्झने नेमके लावावे. शेजारच्या केंद्राचा आवाज मिसळत असेल, तर बँडविड्थची कळ दाबून श्रवणाची रुंदी कमी करता येते. आवाज थोडा बसका होतो, पण शब्द सुटे होतात.

आपोआप शोध घेणारी कळ नवशिक्यांना विशेष आवडते. तिचा उपयोग आहे, पण ती त्या क्षणी जे जोरकस आहे तेच नोंदवते. दुपारी केलेल्या शोधाची यादी रात्री निरुपयोगी ठरते. शिवाय चार्जरचा गुणगुणाटही ती स्टेशन म्हणून साठवते. हळूहळू हाताने शोधणाऱ्याला क्षीण केंद्रेही सापडतात आणि पट्ट्यांचा नकाशा डोक्यात पक्का होतो.

कोणत्या वेळी कोणता पट्टा

मेगाहर्ट्झच्या आकड्याने ३०० ला भागले की लहरीची लांबी मीटरमध्ये मिळते. ९.६ मेगाहर्ट्झसाठी उत्तर सुमारे ३१ येते. म्हणून ९४०० ते ९९०० किलोहर्ट्झ या भागाला ३१ मीटर बँड म्हणतात. प्रक्षेपणासाठी राखलेले इतर महत्त्वाचे पट्टे असे: ४९ मीटर (५९०० ते ६२०० किलोहर्ट्झ), ४१ मीटर (७२०० ते ७४५०), २५ मीटर (११६०० ते १२१००), २२ मीटर (१३५७० ते १३८७०), १९ मीटर (१५१०० ते १५८३०) आणि १६ मीटर (१७४८० ते १७९००). ६० मीटर बँड मुख्यतः उष्ण कटिबंधातील देशांसाठी असतो. मुंबई केंद्र पूर्वी याच बँडवर, ४८४० किलोहर्ट्झवर ऐकू येत असे.

दिवसा डी थर तयार असतो आणि तो खालच्या वारंवारतांच्या लहरी शोषून घेतो. वरच्या वारंवारता मात्र त्यातून पार जाऊन एफ थरापर्यंत पोचतात. सूर्य मावळल्यावर डी थर पाहता पाहता नाहीसा होतो आणि खालचे पट्टे जागे होतात, तर एफ थर विरळ होत गेल्याने वरच्या वारंवारता परत न येता अवकाशात निघून जाऊ लागतात. यातून साधा नियम मिळतो. दुपारी १६, १९ आणि २२ मीटर पाहावेत, संध्याकाळी २५ आणि ३१ मीटर, रात्री ३१, ४१ आणि ४९ मीटर. सूर्योदय आणि सूर्यास्ताच्या आसपासचा तास सर्वांत फलदायी असतो, कारण त्या वेळी उजेड-अंधाराच्या सीमेवरून येणाऱ्या लहरी फारशा शोषल्या जात नाहीत. पहिल्या सत्रासाठी संध्याकाळी सात ते दहा ही वेळ आणि ३१ मीटर बँड निवडला, तर निराशा सहसा पदरी पडत नाही.

या रोजच्या चक्रावर सूर्याचे सुमारे ११ वर्षांचे चक्र स्वार झालेले असते. सूर्यावरील डागांची संख्या वाढलेली असते, तेव्हा आयनांबर घट्ट होते आणि वरचे पट्टे उशिरापर्यंत उघडे राहतात. सध्याचे, २५ वे चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले. सूर्यावर मोठा स्फोट झाला, की पृथ्वीच्या उजेडातल्या बाजूला डी थर एकाएकी दाट होतो आणि काही मिनिटांपासून तासभरापर्यंत लघुलहरी जवळजवळ मुक्या होतात. चुंबकीय वादळांचा परिणाम त्याहून अधिक टिकतो आणि दिवसच्या दिवस केंद्रे क्षीण येतात. या वादळांच्या नोंदींची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. कुलाबा वेधशाळेने १८५९ च्या प्रचंड चुंबकीय वादळाची नोंद केली होती. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांमुळे चुंबकीय मोजमाप बिघडणार म्हणून हे काम अलिबागला हलवले गेले आणि १९०४ पासून तेथील वेधशाळा ते सांभाळत आहे. कालपर्यंत उत्तम लागणारे केंद्र आज अचानक गायब झाले, तर संच उघडण्याआधी सूर्याची खबर घ्यावी.

घरातील खरखर

योग्य वेळी योग्य पट्टा लावूनही खरखर कमी होत नसेल, तर कारण बहुधा घरातच असते. मोबाइलचे चार्जर, एलईडी दिवे, संगणक, वायफाय राउटर, इन्व्हर्टर, पंख्याचे इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर ही सगळी उपकरणे वीज वेगाने चालू-बंद करून काम करतात आणि त्या उघडझापीतून लघुलहरींच्या टप्प्यात गोंगाट पसरतो. घरातील तारा तो खोलीखोलीत पोचवतात. शिवाय सिमेंट-काँक्रीटच्या इमारतीतील लोखंडी सळ्यांची जाळी बाहेरून येणारी लहर अडवते. आत गोंगाट जास्त आणि लहर कमी, अशी दुहेरी अडचण होते.

पहिला उपाय म्हणजे संच सेलवर चालवणे. ॲडाप्टर स्वतःच गोंगाटाचा मोठा स्रोत असतो. दुसरा उपाय शोधमोहिमेचा: रिकाम्या वारंवारतेवर संच ठेवून घरातील उपकरणे एकेक करून बंद करावीत आणि कोणत्या क्षणी खरखर उतरते ते पाहावे. दोषी उपकरण सापडले की ऐकताना ते बंद ठेवता येते. तिसरा उपाय जागा बदलण्याचा. खोलीच्या मध्यापेक्षा खिडकी बरी, खिडकीपेक्षा गॅलरी आणि गॅलरीपेक्षा गच्ची. शहराबाहेर, विजेच्या तारांपासून दूर असलेल्या शेतात किंवा माळावर तोच संच ओळखू येणार नाही इतका बदलतो. एकदा अशा ठिकाणी ऐकले, की संचाची खरी कुवत समजते आणि घरातील गोंगाटाचे मापही कळते.

काही खरखर मात्र निसर्गाची असते. शेकडो किलोमीटरवर चमकलेली वीजही खालच्या पट्ट्यांवर कडकडाट करते. वळवाच्या दिवसांत आणि पावसाळ्याच्या तोंडाशी महाराष्ट्रातील श्रोत्याला ती संध्याकाळभर सोबत करते. हिवाळ्याच्या रात्री त्या मानाने शांत असतात.

तारेची अँटेना

दांडीने भागत नाही, तेव्हा सर्वांत स्वस्त सुधारणा म्हणजे तार. सात ते दहा मीटर लांबीची प्लास्टिकचे आवरण असलेली साधी तांब्याची तार खिडकीबाहेर किंवा गच्चीवर सोडावी आणि तिचे सोललेले टोक चिमट्याने दांडीला जोडावे. संचाला बाहेरच्या अँटेनेसाठी खाच असेल, तर तार तेथे जोडता येते. तार जितकी घरातील वायरिंगपासून दूर, तितका फायदा अधिक.

लांब तारेचा अतिरेकही घातक ठरतो. छोटा संच दांडीच्या हिशेबाने बनवलेला असतो. त्याला फार मोठी तार जोडली, की जोरकस केंद्रे त्याला दडपून टाकतात, एकाच वेळी अनेक आवाज सगळीकडे उमटू लागतात आणि नसलेली केंद्रे दिसू लागतात. अशा वेळी तार आखूड करावी किंवा संचाची संवेदनशीलता कमी-जास्त करणारा लोकल-डीएक्स खटका ‘लोकल’कडे न्यावा.

सुरक्षिततेचे दोन नियम मोडू नयेत. तार विजेच्या तारांच्या वरून, खालून किंवा जवळून नेऊ नये. आणि ढग गडगडू लागण्याआधीच तार संचापासून सोडवून घराबाहेर ठेवावी. कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात बाहेरची तार कायम जोडून ठेवणे संचाला आणि माणसालाही धोक्याचे आहे.

कानावर काय काय येते

लघुलहरींवरचा आवाज एफएमसारखा स्थिर नसतो. तो चढतो, उतरतो, कधी क्षणभर बुडतो. एकाच केंद्राची लहर वेगवेगळ्या वाटांनी येते. या वाटांची लांबी सतत बदलत असल्याने लहरी कधी एकमेकींना बळ देतात, तर कधी मारतात. गाण्याचे सूर मध्येच पोकळ किंवा फाटल्यासारखे वाटतात तेही यामुळेच. काही मिनिटे धीर धरल्यास केंद्र पुन्हा वर येते. म्हणून अनोळखी केंद्र क्षीण वाटले तरी लगेच पुढे जाऊ नये.

केंद्र ओळखण्यासाठी तासाची आणि अर्ध्या तासाची सुरुवात महत्त्वाची, कारण त्या वेळी नाव सांगितले जाते. पुष्कळ केंद्रे प्रक्षेपणापूर्वी आपली ओळखधून वाजवतात. आकाशवाणीची परिचित धून १९३६ मध्ये वॉल्टर काउफमान यांनी रचली. नाझींच्या छळातून बाहेर पडून मुंबईत आलेले हे ज्यू संगीतकार आकाशवाणीत पाश्चात्त्य संगीताचे काम पाहत होते. पश्चिम भारतात संध्याकाळी चायना रेडिओ इंटरनॅशनलच्या निरनिराळ्या भाषांतील सेवा सर्वांत जोरकस लागतात. बीबीसीची इंग्रजी सेवा, सौदी अरेबियाचे कुराणपठण, तुर्कस्तान, रुमानिया आणि जपान यांची प्रक्षेपणेही वेळ साधली तर सापडतात. भाषा समजली नाही तरी ती अरबी आहे, चिनी आहे की फारसी, हे काही आठवड्यांत कानाला उमगू लागते.

बोलण्या-गाण्याखेरीज इतर आवाजांचीही दाटी असते. ५, १० आणि १५ मेगाहर्ट्झवर सेकंदागणिक टिकटिक ऐकू आली, तर ते कालदर्शक केंद्र असते. भारतात चीनचे बीपीएम हे केंद्र सहज लागते. तासाच्या २९व्या आणि ५९व्या मिनिटाला ते मोर्समध्ये आपले नाव सांगते. एखाद्या बातमीपत्रावर अखंड ढोल-झांजांचे संगीत आदळत असेल, तर ती बहुधा मुद्दाम केलेली अडवणूक असते. चीनने तिबेटी आणि इतर नकोशा प्रक्षेपणांवर अशी संगीताची भिंत उभी केलेली आहे. घरघर करत सरकणारे आवाज क्षितिजापलीकडे पाहणाऱ्या लष्करी रडारांचे असतात. चर्नोबिलजवळच्या सोव्हिएत रडारचा सेकंदाला दहा ठोक्यांचा आवाज १९७६ ते १९८९ या काळात जगभरच्या श्रोत्यांना छळत होता. पट्ट्याच्या थोड्या भागात एकसारखा, कडा ठळक असलेला फुसफुसाट आला, तर तो डीआरएम या अंकीय प्रक्षेपणाचा असू शकतो. तो साध्या संचाला उलगडता येत नाही.

फसवी स्टेशने

नवा श्रोता एकच केंद्र दोन ठिकाणी ऐकतो आणि गोंधळतो. कधी ते केंद्र खरोखरच दोन वारंवारतांवर बोलत असते, पण स्वस्त संचात दुसरे केंद्र बहुधा आभासी असते. संचात येणारी लहर आतील दोलकाच्या लहरीशी मिसळून ठरावीक मध्यम वारंवारतेत बदलली जाते. एडविन आर्मस्ट्राँग यांनी १९१८ मध्ये शोधलेल्या या पद्धतीला सुपरहेटरोडाइन म्हणतात. अशा बहुतेक साध्या संचांत मध्यम वारंवारता ४५५ किलोहर्ट्झ असते. दोलक लावलेल्या वारंवारतेपेक्षा ४५५ ने वर चालतो, आणि त्याच्याही ४५५ वर असलेले जोरकस केंद्र त्याच वाटेने आत शिरते. परिणामी ९९१० वरचे केंद्र ९००० वरही ऐकू येते. दोन ठिकाणांतील अंतर ९१० किलोहर्ट्झ भरले, तर वरचे केंद्र खरे आणि खालचे आभासी समजावे. दोनदा वारंवारता बदलणाऱ्या चांगल्या संचांत हा दोष फार कमी असतो.

एसएसबीची दुनिया

काही सुट्या संचांवर एसएसबी असे लिहिलेली कळ असते. नेहमीच्या प्रक्षेपणात वाहक लहर आणि तिच्या दोन्ही बाजूंना आवाजाची माहिती असते. एसएसबीमध्ये वाहक आणि एक बाजू काढून टाकतात, त्यामुळे शक्ती आणि जागा दोन्ही वाचतात. साध्या संचावर हे बोलणे दबके आणि अनाकलनीय येते. कळ दाबल्यावर संच गाळलेला वाहक स्वतः पुरवतो. मग बारीक चाक अगदी सावकाश फिरवावे. आवाज आधी फार चिरका किंवा फार घोगरा येतो आणि एका जागी माणसाचा होतो.

यामुळे हौशी रेडिओचालकांचे संभाषण ऐकता येते. ७००० ते ७२०० किलोहर्ट्झ या भागात सकाळी आणि संध्याकाळी भारतीय हौशी चालक बोलत असतात. त्यांची संकेतनावे ‘व्हीयू’ने सुरू होतात. रूढीनुसार १० मेगाहर्ट्झच्या खाली खालची बाजू आणि वर वरची बाजू वापरतात. ६६७६ आणि ११३८७ किलोहर्ट्झवर, वरच्या बाजूने, मुंबईहून विमानांसाठी विमानतळांचे हवामान ठरावीक वेळी इंग्रजीत सांगितले जाते. कोरड्या आकड्यांचे हे वाचन नव्या श्रोत्यासाठी एसएसबी नेमके लावण्याचा उत्तम सराव ठरते.

घड्याळ, वेळापत्रक आणि नोंदवही

लघुलहरींची वेळापत्रके यूटीसी या जागतिक वेळेत दिलेली असतात. भारतीय वेळ तिच्या साडेपाच तास पुढे असते. १३३० यूटीसी म्हणजे संध्याकाळचे सात. तारखेकडेही लक्ष द्यावे लागते: ५ मार्चला रात्री एक वाजता ऐकलेले केंद्र ४ मार्चच्या १९३० यूटीसीला नोंदवायचे असते. संचाचे घड्याळ यूटीसीवर लावून ठेवले, की हा गोंधळ संपतो.

सूर्याची स्थिती ऋतूनुसार बदलते म्हणून केंद्रेही वर्षातून दोनदा, मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, वेळा आणि वारंवारता बदलतात. उन्हाळी वेळापत्रकाला ए आणि हिवाळी वेळापत्रकाला बी म्हणतात. गेल्या मोसमातील यादी घेऊन बसलेल्याला ठरल्या जागी भलतेच केंद्र भेटते. १९४७ पासून निघत आलेले ‘वर्ल्ड रेडिओ टीव्ही हँडबुक’ हा श्रोत्यांचा जुना आधार. आता मोसमी याद्या संगणकावरही मिळतात.

नोंदवहीत तारीख, यूटीसी वेळ, वारंवारता, भाषा, केंद्र आणि कार्यक्रमाचा तपशील लिहावा. आवाजाचा दर्जा पाच आकड्यांच्या सिन्पो संकेतात लिहितात. लहरीची ताकद, इतर केंद्रांचा अडथळा, गोंगाट, चढउतार आणि एकूण दर्जा यांना क्रमाने ५ ते १ गुण दिले जातात. ५ म्हणजे उत्तम, १ म्हणजे अगदी वाईट. ४३३३३ म्हणजे लहर चांगली, बाकी सारे मध्यम. काही महिन्यांच्या नोंदी चाळल्या, की कोणता पट्टा कोणत्या महिन्यात कधी उघडतो हे त्या जागेपुरते स्पष्ट होते, आणि ही माहिती कोणत्याही छापील पुस्तकात नसते.

श्रवण-अहवाल

हाच तपशील केंद्राकडे पाठवला की तो श्रवण-अहवाल होतो. त्यात वीस-तीस मिनिटांच्या कार्यक्रमात काय ऐकले हे मिनिटवार लिहावे, म्हणजे ते केंद्र खरोखर ऐकले याची खात्री पटते. संच, अँटेना आणि ऐकण्याचे ठिकाण लिहावे. स्तुतीसाठी आकडे फुगवू नयेत, कारण अभियंत्यांना खरा दर्जा हवा असतो. अहवाल जुळला, तर अनेक केंद्रे त्याची पोच म्हणून क्यूएसएल कार्ड पाठवतात. पूर्वी ते टपालाने येई, आता पुष्कळदा ई-मेलने येते. अशा कार्डांचा संग्रह हा या छंदाचा मानाचा भाग आहे.

लघुलहरींनी काय घडवले, काय उरले

महाराष्ट्राच्या आठवणीत लघुलहरींचे स्थान ठळक आहे. ऑगस्ट १९४२ मध्ये उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ सुरू केला, तो ४२.३४ मीटरवर. वरच्या सूत्राने ही जागा ७.०८ मेगाहर्ट्झच्या आसपास येते. पोलिसांनी १२ नोव्हेंबरला तो पकडेपर्यंत दडपलेल्या बातम्या त्यावरून बाहेर पडत होत्या. १९५२ मध्ये माहिती आणि नभोवाणी मंत्री बा. वि. केसकर यांच्या काळात आकाशवाणीवरून चित्रपटसंगीत मागे पडले आणि श्रोत्यांनी लघुलहरींवर रेडिओ सिलोन गाठले. अमीन सयानी यांची ‘बिनाका गीतमाला’ मुंबईत ध्वनिमुद्रित होऊन कोलंबोला जाई आणि दीड हजार किलोमीटरची उडी मारून परत मुंबईत ऐकू येई. १९५७ मध्ये विविध भारती सुरू होण्यामागे या लोकप्रियतेचा मोठा वाटा होता. गोव्यात पोर्तुगीज काळातील एमिसोरा द गोवाही लघुलहरींवर होते, आणि पुढे आकाशवाणीचे २५० किलोवॉटचे प्रक्षेपक पणजीतून परदेशांसाठी बोलत असत.

आता पट्टे पूर्वीइतके भरलेले नाहीत. कॅनडा आणि नेदरलँड्स यांनी २०१२ मध्ये, ऑस्ट्रेलियाने २०१७ मध्ये लघुलहरींवरील सेवा बंद केल्या. बीबीसी हिंदीचे लघुलहरी प्रक्षेपण ३१ जानेवारी २०२० रोजी थांबले. खर्च हे त्याचे मुख्य कारण. शेकडो किलोवॉटचा प्रक्षेपक चालवणे महाग असते आणि श्रोते मोबाइलकडे वळले. पण मनोरे पडले, वीज गेली किंवा सरकारने इंटरनेट बंद केले, तर सीमेपलीकडून थेट घरात पोचणारे साधन लघुलहरींखेरीज फारसे उरत नाही. मार्च २०२२ मध्ये युद्धग्रस्त युक्रेनसाठी बीबीसीने लघुलहरींवर इंग्रजी बातम्या पुन्हा सुरू केल्या, त्या याच कारणाने.

आज सुरुवात करणाऱ्या श्रोत्याला एक सुटा संच, सेल, दहा मीटर तार, चालू मोसमाची यादी आणि वही एवढे पुरते. पहिले काही आठवडे एकच पट्टा रोज ठरलेल्या वेळी ऐकावा, मग वेळ तीच ठेवून पट्टा बदलावा, मग पट्टा तोच ठेवून जागा बदलावी. एका वेळी एकच गोष्ट बदलल्याने फरक कशामुळे पडला हे कळते. या क्रमाने गेलेल्या श्रोत्याला महागडा संच घ्यावा की नाही हा निर्णयही स्वतःच्या नोंदींच्या आधारे घेता येतो.